आधी आतली टोपी, मग वरचा टोप

तुझा प्रश्न लांबलचक आहे, त्याचं सार एवढं: पलूसकडच्या तुमच्या मंडळाचा यंदा गणपतीत जिवंत देखावा आहे. स्वराज्यावर चालून आलेल्या आदिलशाही सरदाराच्या डोक्यावर खऱ्या पत्र्याचं शिरस्त्राण पाहिजे, कारण गेल्या वर्षीचं पुठ्ठ्याचं पहिल्याच पावसात लोळलं. हाताशी ड्रिल आहे, ग्राइंडर आहे, एक मित्र वेल्डिंग करतो. पत्रा किती गेजचा घ्यावा आणि मशीनशिवाय त्याला गोलाई कशी आणावी, हे तू विचारलंस. आणि अगदी शेवटच्या ओळीत, "काका, रात्रीत आठ-दहा शो होतात, पोराच्या डोक्याला त्रास तर नाही ना होणार?"

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो, कारण टोप बिघडतो तो तिथंच.

माझी उभी हयात कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्यात गेली. डक्ट, हॉपर, मशीनची गार्डं, असली कामं. वडील भांडी घडवायचे, त्यांच्यापाशी मठारायला, म्हणजे हलक्या ठोक्यांनी पत्रा एकसारखा करायला शिकलो. नाटकवाल्यांचे टोप, ढाली, मुकुट हे हौसेचं काम. सांगलीत असल्या हौसेला गिऱ्हाईक कमी पडत नाही. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं तेव्हापासून या गावाला तोंडाला रंग फासायची खोड लागलीय ती लागलीच. तर मी पहिला टोप केला तेव्हा माझं सगळं लक्ष तो बाहेरून कसा दिसतो याकडे. आत फोमचा एक तुकडा चिकटवला आणि दिला. प्रयोगात सरदारानं वाकून मुजरा केला, टोप सुटला आणि ठणाण ठणाण करत रंगमंचावरून खाली, पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या पायाशी. लोक हसले. मला घाम फुटला तो नंतर, टोप उचलून कडेवरून बोट फिरवल्यावर. ती कड मी नुसती कातरीनं कापून तशीच सोडली होती.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी डोकं, मग डोक्यावरची टोपी, मग त्या टोपीभोवती पत्रा. पत्रा डोक्याला कुठंही टेकता कामा नये. तो आतल्या पट्ट्यांवर तरंगला पाहिजे.

आतली सोय सगळ्यात सोपी अशी: बांधकामावर घालतात त्या पिवळ्या हेल्मेटच्या आत पट्ट्यांचं जाळं आणि मागं फिरवायचा खटका असतो ना, ते जाळं नवं विकत घे. पूर्ण हेल्मेट घेतलंस तरी फार महाग पडत नाही. साइटवर कुणाच्या डोक्यावर असलेलं मात्र काढून आणू नकोस. खटका असलेलं घेतलंस तर ऐनवेळी सरदार आजारी पडून दुसरा पोरगा उभा राहिला तरी टोप त्याला बसतो. जिवंत देखाव्यात हे होतंच होतं. आणि त्या जाळ्याखाली घालायला सुती टोपी शिवून घे. घरात वाकळ शिवणारं कुणी असेल तर उत्तमच. जुन्या धोतराचे चार-पाच पदर घालून वाकळेचे टाके मारलेली टोपी घाम पिते, सरकत नाही आणि रोज धुता येते. दोन शिव. एक दोरीवर, एक डोक्यावर.

आता माप. टोपाची रचना अशी: खाली डोक्याभोवती एक पट्टी, तिच्यावर माथ्यावर छेदणाऱ्या दोन फासळ्या आणि त्यांच्यामधल्या चार खिडक्यांत चार पाकळ्या. हे नीट वाच, कारण आजवर माझ्याकडे जेवढे पोरांनी घरी केलेले टोप "काका, बसत नाही" म्हणून आले, त्यातले बहुतेक इथंच फसले होते. कपाळावर भुवयांच्या वरून, कानांच्या वरून टेप फिरव. समज 57 सेंटिमीटर आलं. माणूस काय करतो, शिंप्यासारखी दोन-तीन सेंटिमीटर सैल सोडतो आणि 60 ची पट्टी कापतो. पण आपल्याला पत्रा आणि डोकं यांच्यामध्ये चहूकडून 2 सेंटिमीटर जागा पाहिजे, जाळं आणि टोपी मावायला. त्रिज्या 2 नं वाढली की घेर त्या 2 च्या सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश पटीनं वाढतो, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. 57 ची पट्टी 60 नाही, 70 च्या आसपास जाते. 60 च्या पट्टीत ती जागा उरते जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि त्यात फक्त केस मावतात.

दुसरं, डोकं गोल नसतं. समोरून मागं साधारण 20, कानापासून कानापर्यंत 16. म्हणून टोपाची आतली पट्टी 24 बाय 20 ची लंबगोल झाली पाहिजे. गोल टोप लंबगोल डोक्यावर ठेवला की बाजूंना हवा खेळते आणि कपाळाला वळ उठतो. उंचीला पट्टीच्या वरच्या कडेपासून आत 14 सेंटिमीटर धर. डोकं 11 घेतं, वर तीनेक मोकळे राहतात.

पत्र्याबद्दल. सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घे, म्हणजे साधा राखाडी चकचकीत, तेलाचा हात असलेला. खालच्या पट्टीला आणि वरच्या आडव्याउभ्या फासळ्यांना 18 गेज, म्हणजे 1.2 मिलिमीटर. मधल्या पाकळ्यांना 22 गेज, म्हणजे 0.7. दोन जाडींची कटकट कशाला, असं वाटेल. हिशोब करून दाखवतो. लोखंडाच्या 1 मिलिमीटर जाड पत्र्याचं वजन चौरस मीटरला 7.85 किलो. पाकळ्यांचं क्षेत्रफळ भरतं साधारण 900 चौरस सेंटिमीटर. 22 गेजमध्ये ते अर्धा किलो, 18 गेजमध्ये साडेआठशे ग्रॅम. पट्टी आणि फासळ्या मिळून सव्वाचारशे ग्रॅम. म्हणजे सांगाडा जाड आणि अंग पातळ ठेवलंस तर नुसता टोप साडेनऊशे ग्रॅमच्या आत बसतो, आतलं जाळं आणि वरचा साज धरून सव्वा ते दीड किलो. मोटरसायकलच्या पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटएवढं. एवढं पोरगं सहज पेलतं. सगळंच 18 गेजचं केलंस तर पावणेदोन किलो आणि दुसऱ्या रात्री मान धरली म्हणून समज. पूर्ण शीट घेऊ नकोस, आठ बाय चारची 20 गेजची शीटसुद्धा एकवीस किलो भरते. फॅब्रिकेशनवाल्याकडे दोन बाय दोन फुटांचे तुकडे पडलेले असतात, किलोवर देतो.

अ‍ॅल्युमिनियमचं विचारशील. वजनाला एक तृतीयांश, हाताला मऊ, गंजत नाही. पण कितीही घासलं तरी ते डब्यासारखं दिसतं आणि तुझ्या मित्राचं साधं वेल्डिंग त्याला चालत नाही. स्टेनलेसच्या नादी लागू नकोस, ते चार ठोक्यांत कडक होतं आणि मग हातोडीलाच टोलवतं. पितळ देखणं, पण पहिल्या टोपाला पितळ वाया घालवायची हिंमत असेल तरच. पट्ट्या आणि फुलं मात्र पितळेची कर, 24 गेज पुरतं.

जीआय पत्रा, ज्याच्या पन्हाळी करतात तो पांढरा, तो चुकूनही तापवू नकोस, वेल्ड करू नकोस. त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, अंग मोडून येतं. आमच्या धंद्यात हे प्रत्येकाला एकदा तरी झालंय आणि प्रत्येकानं तो साधा फ्लू समजून गोळी घेतलीय. ऑइलच्या जुन्या बॅरलचा पत्राही नको; रिकाम्या बॅरलमधली वाफ ग्राइंडरच्या ठिणगीनं पेटते. आणि जुन्या गॅस टाकीचं डोकं कापलं की आयती गोलाई मिळते हे ज्यानं कुणी सांगितलंय, त्याचं ऐकू नकोस. बास.

टोप करायचे रस्ते तीन-चार आहेत. एका गोल चकतीतून ठोकून अख्खा टोप उचलायचा, ही खरी तांबटाची विद्या. चकती उलटी धरून बाहेरून ठोकत ठोकत आत घ्यायची, मध्ये दहा वेळा ताव द्यायचा, म्हणजे तापवून मऊ करायचं. आमचे वडील घागरीचं पोट असं घडवायचे. टोप म्हणतात तो डोक्यावरचाही आणि चुलीवरचाही, हा शब्द उगीच एक नाही. घडवणारा हात एकच. पण ते तुला तीन आठवड्यांत येणार नाही, मला तीन वर्षं लागली. दुसरा रस्ता दोन अर्धी वाट्यांसारखी ठोकून मधोमध वेल्ड करायची. दिसतो सुरेख, पण 0.7 चा पत्रा साध्या आर्क वेल्डिंगनं जोडायला गेलास तर भोकं पडतात, मित्राला वाईट वाटेल. म्हणून तुझ्यासाठी सांगाडा आणि चार पाकळ्यांचा टोप. वेल्डिंगची गरजच नाही, सगळं रिव्हेटवर.

तीन सेंटिमीटर रुंद पट्टी 73 लांब काप, तीन जोडाला. लंबगोल वाकव, टोकं मागच्या बाजूला एकावर एक घेऊन आवळ. अडीच सेंटिमीटरच्या दोन फासळ्या: कपाळापासून मानेपर्यंत जाणारी 47, कानापासून कानापर्यंतची 44. दोन्हींत दोन्ही टोकांची तीन-तीन सेंटिमीटर पट्टीवर चढायला धरली आहेत. माथ्यावर त्या एकमेकींना छेदतात. अजून रिव्हेट नाही. 4 मिलिमीटरचे नटबोल्ट लाव, सगळं बोल्टवर उभं राहू दे. जाळं त्या पट्टीला तात्पुरतं अडकव आणि हा उघडा सांगाडा सरदाराच्या डोक्यावर चढव. त्याला वाकायला सांग, मान फिरवायला सांग, डोकं झाडायला सांग. कुठं टेकतंय, कुठं झुलतंय ते आत्ता कळतं, आणि आत्ता दुरुस्त होतं. मी यात अख्खी संध्याकाळ घालवतो. पोरं यात दहा मिनिटं घालवतात.

मग सांगाड्याच्या चार खिडक्यांपैकी एकीवर वर्तमानपत्र धरून बाहेरून दाब आणि कडेनं पेन फिरव. कागदाला कडेशी चुण्या पडतील. पडू देत, त्या चुण्याच तुझ्या गुरू. कागद ताणत नाही म्हणून चुणी घेतो. पत्रा मात्र मधे ठोकला की पातळ होऊन पसरतो आणि फुगतो, मग कडेला चुणी उरत नाही. म्हणजे जेवढी चुणी जास्त, तेवढी मधली खोली जास्त लागणार. कागदाचा फर्मा पत्र्यावर उतरवताना चारही बाजूंनी 2 सेंटिमीटर जास्त ठेव. ठोकल्यावर आकार सरकतो, नंतर कापता येतं, नंतर जोडता येत नाही. समोरच्या दोन पाकळ्या एकमेकींच्या आरशातल्या जोड्या, मागच्या दोन तशाच. उजवी-डावी खूण कर, नाहीतर दोन उजव्या करून बसशील. हे मी अनुभवानं सांगतोय.

ठोकायला ओंडका पाहिजे. खाटकाकडचा चिंचेचा जुना ओंडका मिळाला तर सोनं, नाहीतर बाभळीचा. उभ्या रेषांच्या तोंडावर, म्हणजे कापलेल्या गोल बाजूवर, हातभर रुंद नको, वीतभराहून थोडा कमी आणि तीनेक सेंटिमीटर खोल असा खळगा कोरून घे. ओंडका नसेल तर जुन्या जीन पँटचा एक पाय वाळूनं गच्च भरून दोन्ही टोकं शिव. पत्रा खळग्यावर धरायचा, बॉलपीन हातोडीच्या गोल तोंडानं कडेपासून सुरू करून चकलीसारखं फिरत मध्यापर्यंत यायचं. हातोडी मारायची नाही, पडू द्यायची. एका ठोक्याच्या खुणेवर दुसऱ्याची अर्धी खूण चढली पाहिजे. एकाच जागी जोरात मारून खोली काढायला गेलास तर तिथं पोचा पडतो, पत्रा पातळ होतो, आणि मग तो भाग झाकणाच्या टिचकीसारखा आत-बाहेर टकटक करत राहतो. त्याला औषध नाही.

दोन फेऱ्या झाल्या की पाकळी खिडकीला लावून बघ. पुन्हा दोन फेऱ्या. कडेला चुणी दिसली की लगेच ओंडक्याच्या सपाट भागावर ठेवून लाकडी मोगरीनं बसव. चुणी दुमडून एकमेकीवर चढली की तो पत्रा भंगारात. सीआरच्या एवढ्या उथळ पाकळ्यांना मधे ताव द्यायची सहसा गरज पडत नाही. पितळेच्या कामाला मात्र लागते: ठोकून ठोकून पितळ कडक होतं, आवाज बदलतो, ठोका थपथप न वाजता ठणठण वाजायला लागतो. वडील डोळ्यानं कमी आणि कानानं जास्त ठोकायचे. तो आवाज आला की अंधाऱ्या जागी मंद लाल दिसेपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं, पुन्हा लोण्यासारखं मऊ. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, थेट वितळतं; त्यावर आधी साबण चोळायचा, तापवताना साबण काळा पडला की थांबायचं.

पाकळी बसली तरी ती आता ठोक्यांनी माखलेली, सीताफळासारखी असणार. इथं मठारणं आलं. आतून गोल आधार आणि बाहेरून चकचकीत सपाट तोंडाची हलकी हातोडी, मधे पत्रा. आधाराला मी गोळाफेकीचा गोळा वापरतो. पुरुषांचा 7.26 किलोचा गोळा 11 ते 13 सेंटिमीटर व्यासाचा असतो. टोपाच्या गोलाईपेक्षा लहान, म्हणून आत कुठंही पोहोचतो. जाड पाइपच्या तुकड्यावर ठेवला की गप्प बसतो. शाळेच्या सरांकडून मागून आण, लेका, आणि परत दे. माझ्याकडचा अठरा वर्षं झाली परत द्यायचा राहिलाय. हातोडीचं तोंड पॉलिश पेपरनं आरशासारखं कर. तोंडावर एक चरा असेल तर तो टोपावर पाचशे वेळा उमटतो. ठोका गोळ्यावर नेमका बसला की टण्ण असा भरीव आवाज येतो, हुकला की पोकळ. कंटाळवाणं काम आहे. पण पत्र्याचा डबा आणि शिरस्त्राण यांच्यातला फरक इथंच पडतो, रंगानं तो झाकत नाही. सगळे ठोके पुसायचे नाहीत. बारीक एकसारखी मठार राहिली तर फोकसच्या उजेडात ती अशी चमकते की लांबून बघणाऱ्याला लोखंडच दिसतं.

कान झाक बाबा काम करताना. कापूस तरी कोंब. माझ्या डाव्या कानाला आता कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

पाकळ्या फासळ्यांच्या आतून लाव, सेंटिमीटरभर आत सरकलेल्या. जास्तीचा पत्रा आत्ता काप, कड कानशीनं घास. इथं एक गोष्ट सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या घरच्या तळमजल्यावर दोन टोप होते, पाण्यात चार दिवस. एकाला आतून-बाहेरून रंग होता पण जोड कोरे होते, म्हणजे आधी रिव्हेट मारून मग रंगवलेला. दुसऱ्याच्या जोडांतही मी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग, मारून मगच रिव्हेट ठोकले होते. दुसरा पुसून ठेवला, आजही भाड्यानं जातो. पहिल्याच्या फासळ्यांखालून गंज असा फुगला की सहा महिन्यांत रिव्हेटची डोकी उडाली. तुमच्याकडे पूर नको, घाम पुरेसा आहे. घामात मीठ असतं. म्हणून एकमेकांवर चढणाऱ्या प्रत्येक जागेला आधी रेड ऑक्साइड, वाळल्यावर जोड.

रिव्हेट 4 मिलिमीटरचे, तीन-तीन सेंटिमीटरवर. एक बोल्ट काढायचा, तिथं रिव्हेट, मग समोरच्या बाजूचा बोल्ट. एका बाजूनं ओळीनं मारत गेलास तर टोप पिळला जातो. गोल डोकं बाहेर, शेपूट आत. शेपटाचं डोकं गोल करायचं तर रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे 6 मिलिमीटर शेपूट बाहेर पाहिजे. आत चपटं बसवायचं तर 4 पुरे, आणि आत तू चपटंच बसव. पॉप रिव्हेट पटकन होतात हे मला माहीत आहे. बाहेरून त्यांचं भोक दिसतं आणि आतून त्यांची शेपटं सुती टोपी फाडतात. अगदीच वेळ नसला तर वापर आणि आतून चामड्याची पट्टी चिकटव.

खालची कड. बादलीच्या काठात तार असते, बघितलंयस? तसंच. 3 मिलिमीटरच्या तारेवर कड वळवायला अडीचपट, म्हणजे साडेसात मिलिमीटर जास्तीचा पत्रा लागतो, तो पट्टी कापतानाच धरायला हवा. म्हणजे तीनऐवजी पावणेचार सेंटिमीटर रुंद पट्टी. वळवलेली कड टोपाला ताठ करते आणि कुणाला कापत नाही. 18 गेजची कड वळवायला मनगट लागतं. जमलं नाही तर पेट्रोलची रबरी नळी उभी चिरून कडेवर चढव, वर चामडं शिव. पाच फुटांवरून कुणालाही कळत नाही.

हनुवटीचा पट्टा सरदाराच्या अब्रूचा प्रश्न आहे. तो दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन ठिकाणी अडकव, एक कानाच्या पुढं, एक मागं, आणि दोन्ही कानाखाली एकत्र आण. एकाच ठिकाणी अडकवलेला पट्टा टोपाला झोपाळा करतो. वाकलं की टोप डोळ्यांवर. दप्तराचं दाबायचं बकल लाव, घाईत एका हातानं सुटलं पाहिजे. मग माझी परीक्षा: तीन मुजरे, लवून, हात न लावता. तिसऱ्या मुजऱ्यानंतर टोप जागेवर असेल तर पास.

कान उघडे ठेव. तुमचा आवाज रेकॉर्ड केलेला असणार, पोरं नुसते ओठ हलवणार. टोपात कान झाकले गेले की ट्रॅक घुमून ऐकू येतो, सरदार अर्ध्या वाक्यानं मागं पडतो आणि गंभीर प्रसंगाला गल्ली हसते. गालपट्ट्या करायच्याच असतील तर कानाच्या पुढं संपवायच्या. आणि पितळेच्या फुलांखाली, माथ्याजवळ, चार-सहा भोकं पाड, बाहेरून दिसत नाहीत पण हॅलोजनच्या उजेडात आतली वाफ तिथून निघते.

साज थोडक्यात. आपल्याकडच्या जुन्या टोपांना माथ्यावर टोक, कपाळावर स्क्रूनं खालीवर सरकणारी नाकपट्टी, बाजूंना तुऱ्याच्या नळ्या आणि मानेवर कड्यांची जाळी असे. टोक लोखंडाचं करू नकोस, सुताराकडून लाकडाचं खराडून आण, शेंडा बोथट, रंग पितळेचा. गर्दीत शेजाऱ्याच्या डोळ्याशी तुझी गाठ आहे. नाकपट्टी जाड चामड्याची कर, नाकापासून दीड सेंटिमीटर लांब. पोरगं पडलं तर लोखंडी पट्टी नाकाचं हाड शोधते. मानेच्या जाळीला खऱ्या कड्या गुंफत बसलास तर गणपती जाऊन नवरात्र येईल, वर किलोभर ओझं. जाड सुतळी दोन सुयांवर सैल विणून घ्यायची, चंदेरी रंग मारायचा, वर काळा रंग फडक्यानं पुसून घ्यायचा. नाटकवाल्यांची जुनी युक्ती आहे, दहा फुटांवरून लोखंड दिसतं.

आणि एक मत, तू विचारलेलं नाहीस तरी. टोप सरदारालाच दे. मावळ्यांना मुंडासं राहू दे, तेच खरं आहे. देखावा प्रतापगडचा असेल तर महाराजांच्या डोक्यावर असला टोकदार टोप चढवू नकोस. 10 नोव्हेंबर 1659 च्या त्या भेटीला त्यांनी पागोट्याखाली पोलादी साखळ्यांची टोपी घातली होती, असं साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं लिहिलंय. जिरेटोपातलं जिरे म्हणजे फारसीतलं साखळ्यांचं चिलखतच. वरून दिसायला फक्त पागोटं. दगाफटक्याची शंका असलेला माणूस लोखंड मिरवत जात नाही.

रंगाचं: आतून रेड ऑक्साइडवर ऑइल पेंट. बाहेरून लोखंडाचा रंग हवा असेल तर पत्रा स्वच्छ करून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, पुसून टाकल्यासारखा, आणि मंद आचेवर धूर जिरेपर्यंत तापवायचा. दोन-तीन थरांत तपकिरी-काळा येतो. मात्र हे पाकळ्या सुट्या असतानाच, रेड ऑक्साइडच्या आधी, नाहीतर रंग जळेल. पितळेची फुलं पितांबरीनं किंवा चिंचेनं घास, पण लोखंडाला चिंच लागू देऊ नकोस.

तलवारीचे वार टोपावर घ्यायचे नाहीत, लाकडी तलवारीचेसुद्धा. हा साज आहे, संरक्षण नाही. आणि मिरवणुकीत कुणी हा घालून बुलेटवर बसला तर उतरव त्याला. त्यासाठी आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट असतं, आयएस 4151 चं. पत्र्याचा टोप रस्त्यावर आपटला तर डोकं वाचवत नाही, उलट त्याच्या कडा आत येतात.

वेळेचं बोलायचं तर तीन रविवार धर. पहिला सांगाडा आणि मापाला, दुसरा ठोकायला आणि मठारायला, मधल्या संध्याकाळी रिव्हेट. तिसरा रविवार रंगालाच राखून ठेव, कारण श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत ऑइल पेंट वाळायला दोन-दोन दिवस घेतो, आणि ओल्या रंगाचा टोप पोराच्या डोक्यावर चढवलास तर विसर्जनापर्यंत त्याच्या केसांतून रेड ऑक्साइड निघत राहील.